कुमारवयातील तीव्र मनोविकाराची पूर्वचिन्हे आणि शिक्षकाचे कर्तव्य

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण परिषदेत विस्तार अधिकारी बोलावयास उभा राहिला की तो पटनोंदणी, उपस्थिती, वाचन आणि गणित यांविषयीच बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आजचा विषय ऐकून, हा डॉक्टरांचा विषय आहे, आपला नव्हे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. म्हणून विषयाचा आरंभ मी वैद्यकशास्त्राने करीत नाही. आपल्या रोजच्या हजेरीपत्रकाने करतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी दहावीपर्यंतचे वर्ग असलेल्या एका शाळेत शिकवीत होतो. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. भूमितीतील उदाहरण पुस्तकातील रीतीने सुटले तरी त्याचे समाधान होत नसे. तो दुसरी रीत शोधून आणी. त्या वर्षी जूनमध्ये तो एक दिवस गैरहजर होता, ऑगस्टमध्ये सहा दिवस, आणि दिवाळीनंतर निम्मा महिना. पहिल्या बाकावरचा मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. एके दिवशी त्याने उठून वर्गाची खिडकी लावून घेतली. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, बाहेर उभे राहून कोणीतरी माझे नाव घेते." मी हसलो. "अभ्यासात लक्ष घाल, म्हणजे असले काही ऐकू येणार नाही," असे म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. सहामाहीच्या प्रगतिपत्रकावर मी शेरा लिहिला : 'निष्काळजी होत चालला आहे.'

पुढे तो शाळेत येईनासा झाला. घरच्यांनी त्याला प्रथम एका देवऋषीकडे नेले, मग दुसऱ्याकडे, मग दूरच्या एका जत्रेला. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांपर्यंत तो पोचला, तेव्हा खिडकी लावली त्या दिवसाला जवळजवळ दोन वर्षे झाली होती. आज तो औषध घेतो, शेती पाहतो आणि गावच्या दूध संस्थेचा हिशेब त्याच्याइतका चोख कोणी ठेवीत नाही. शाळा मात्र नववीतच सुटली ती सुटली. वेळीच उपचार झाले असते तर तो अमुक झाला असता, असे मी म्हणणार नाही. तसे कोणालाच सांगता येत नाही. परंतु ती दोन वर्षे वाया गेली, आणि त्यांतील पहिल्या सहा महिन्यांचा पुरावा माझ्याच हाताने, माझ्याच हजेरीपत्रकात लिहिलेला होता. मी तो लिहिला. वाचला मात्र नाही.

आता विकाराविषयी थोडे. ज्या आजारात माणसाची वास्तवाशी असलेली पकड सुटू लागते, म्हणजे जे नाही ते ऐकू येते वा दिसते, कोणी आपल्या वाइटावर आहे अशी निराधार खात्री मनात घट्ट बसते, बोलण्यातील संगती तुटते, त्या अवस्थेस वैद्यकात 'सायकोसिस' म्हणतात. मी तिला आज 'तीव्र मनोविकार' असे म्हणेन. 'वेड' हा शब्द आपण शाळेच्या आवारातून काढूनच टाकावा, कारण तो रोगाचे नाव नसून शिवी झाला आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा या गटातील सर्वांत परिचित आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकास तो आहे. २००४ साली आलेला 'देवराई' हा मराठी चित्रपट आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातील नायकाचा आजार हाच, आणि त्याच्यामागे धावणाऱ्या बहिणीची ओढाताण हीच घरोघरीची कथा.

हा आजार तेराव्या वर्षापूर्वी फारच क्वचित दिसतो. तो बहुधा पंधरा ते तीस या वयात प्रकट होतो. यावर कोणी म्हणेल, आमची शाळा सातवी-आठवीपर्यंतची. मग आमचा काय संबंध? संबंध दोन प्रकारे आहे. एक तर प्रकट होण्यापूर्वी काही महिने, कधी काही वर्षे, आजार हलकेच डोकावत असतो. दुसरे असे की, मूल आठवी होऊन बाहेर पडले तरी गावात त्याचे गुरुजी आणि बाई आपणच असता. माध्यमिक शाळेतील चाळीस मुलांत तो नवखा असतो. आपण त्याला पहिलीपासून ओळखता. तो पूर्वी कसा होता, हे आई-बापांखालोखाल आपणांसच ठाऊक असते. आजच्या विषयाचे सारे मर्म या 'पूर्वी कसा होता' या तीन शब्दांत आहे.

उपचाराला विलंब होण्याने काय बिघडते? आजार सुरू झाल्यापासून औषधोपचार मिळेपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितकी सुधारणा मंद आणि अपुरी होण्याचा संभव वाढतो, असे देशोदेशींच्या अभ्यासांतून दिसले आहे. शिवाय या वयात हातातून जाते ते केवळ वर्ष नसते. शाळा जाते, सोबती जातात, गावातील पत जाते, आणि घरची जमापुंजी उताऱ्या-गंडेदोऱ्यांत जाते.

मग सर्व मुलांना एकदम एक प्रश्नावली देऊन चाळून का काढू नये? हा विचार मोहक आहे. पण आपण गणित शिकविणारी माणसे आहोत, तेव्हा हिशेब करून पाहू. समजा, एक हजार मुले आहेत आणि त्यांतील पाच जण खरोखर आजाराच्या उंबरठ्यावर आहेत. समजा, आपली प्रश्नावली पाचांतील चौघांना अचूक ओळखते, आणि निरोगी मुलांपैकी शंभरांत दहांवर चुकून बोट ठेवते. उरलेल्या ९९५ मुलांचे दहा टक्के म्हणजे जवळजवळ शंभर. एकूण नावे निघाली १०४. त्यांत खरी चार. म्हणजे सव्वीस मुलांवर शिक्का बसला, तेव्हा एक मूल हाती लागले. आणि पाचवे निसटले ते निसटलेच. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, परंतु दुर्मीळ रोगाची चाळणी अशीच वागते. गावात एकदा बसलेला शिक्का शाळेच्या दाखल्याहून अधिक काळ टिकतो, हे मी आपणांस सांगावयास नको.

दुसरी अडचण मुलांच्या मनाच्या ठेवणीत आहे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांत शंभरांतील सुमारे सतरा जण, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांत सात-आठ जण, काही तरी ऐकल्या-पाहिल्याचे अथवा विलक्षण वाटल्याचे सांगतात, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१२ साली आढळले. बहुतेकांच्या बाबतीत ते आपोआप ओसरते. तज्ज्ञांजवळ सोळा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. तीही २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झाली. पण ती मानसोपचारासाठी आपण होऊन दवाखान्यात आलेल्यांकरिता आहे, वर्गात वाटण्याकरिता नव्हे. आणि तज्ज्ञांनी नीट मुलाखत घेऊन ज्यांना 'धोक्याच्या छायेत' असे ठरविले, त्यांपैकीही तीन वर्षांत सुमारे चौथाई लोकांनाच पूर्ण आजार होतो. तज्ज्ञांच्या परीक्षेची ही गत, तर आपण निकाल देण्याच्या भरीस पडू नये.

मग शिक्षकाच्या हाती काहीच नाही काय? आहे, आणि ते पुष्कळ आहे. नॉर्वे देशात स्टाव्हांगर शहर ज्या रोगालँड प्रांतात आहे, तेथे १९९७ पासून चार वर्षे एक प्रयोग झाला. त्यांनी सरसकट चाळणी लावली नाही. वर्तमानपत्रे आणि आकाशवाणी यांतून लोकांना, आणि समक्ष भेटून शिक्षकांना व गावच्या डॉक्टरांना, आजाराची पहिली चिन्हे साध्या भाषेत समजावून दिली. त्याबरोबरच कोणीही चिठ्ठीवाचून थेट दूरध्वनी करावा असे एक पथक नेमले. ज्या भागांत असा प्रयत्न नव्हता, तेथे पहिल्या उपचारापर्यंत मध्यकाने सोळा आठवडे लागत. येथे पाच आठवडे लागले. पुढे लोकशिक्षणाची मोहीम थांबली, पथक मात्र होतेच; तरी हा काळ पुन्हा पंधरा आठवड्यांवर गेला. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा प्रयत्न झालेल्या भागातील रुग्णांपैकी शंभरांत एकतीस जण पूर्ववत संसाराला व कामाला लागलेले होते, इतरत्र पंधरा. दवाखाना असणे पुरेसे नाही. दाराकडे जाणारी वाट लोकांना ठाऊक असावी लागते, आणि ती पुनःपुन्हा सांगावी लागते. आपल्या गावात ही वाट सांगणारा माणूस शिक्षकावाचून दुसरा कोण आहे?

आता पाहावयाचे काय, ते सांगतो. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करू नये. त्याची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच मुलाशी करावी. काही मुले मुळातच अबोल असतात, काही मुळातच स्वप्नाळू असतात. अबोल मूल हे चिन्ह नव्हे; बोलके मूल अबोल होणे हे चिन्ह आहे. अशी चिन्हे येणेप्रमाणे :

एक, सोबत्यांपासून दूर राहणे, खेळ सोडणे, डबा एकट्याने खाणे.
दोन, अभ्यासात कारणावाचून मोठी घसरण. पूर्वी येणारी गोष्ट न येणे, साधे वाक्य फळ्यावरून उतरविताना मध्येच हरवणे.
तीन, रात्री जागरण व दिवसा वर्गात झोप, असे कित्येक दिवस चालणे.
चार, आंघोळ, केस, कपडे यांकडे दुर्लक्ष, जे पूर्वी नव्हते.
पाच, संशय वाढणे : सगळे माझ्याविषयीच बोलतात, डब्यात कोणी काही घातले आहे, असे म्हणणे.
सहा, एकट्यानेच पुटपुटणे वा हसणे. कोणी हाक मारल्यासारखे वळून पाहणे.
सात, बोलण्याचा धागा तुटणे, किंवा वहीत अर्थ न लागणारे पानेच्या पाने लिहिणे.

यांतील एखादे चिन्ह एखाद्या आठवड्यात कोणत्याही मुलात दिसेल. दोन-तीन चिन्हे एकत्र यावीत, ती काही आठवडे टिकावीत, आणि वाढत जावीत, तर मात्र थांबू नये. रक्ताच्या नात्यात असा आजार असल्यास, किंवा मूल गांजाच्या नादी लागले असल्यास, अधिक जागरूक राहावे. गांजाने कोवळ्या वयात हा धोका वाढतो. मात्र आई किंवा वडील यांपैकी एकास स्किझोफ्रेनिया असला तरी शंभर मुलांपैकी सुमारे नव्वद मुलांना तो होत नाही, हेही विसरू नये.

तितकेच महत्त्वाचे आहे ते काय नव्हे हे ओळखणे. आजी वारल्यानंतर काही दिवस ती अंगणात दिसली असे मूल म्हणाले, तर तो शोक आहे. जत्रेत एखाद्या मुलीच्या अंगात आले आणि घरी येताच ती पूर्ववत कामाला लागली, तर तेवढ्यावरून ती आजारी ठरत नाही. हाक मारली तरी ओ न देणाऱ्या मुलाचा कान फुटलेला असू शकतो. क्षणभर टक लावून थांबणाऱ्या मुलाला मिरगी असू शकते. ऊसतोडीवरून परतलेले मूल गप्प असेल, तर ते थकलेले आणि अभ्यासात मागे पडल्याने लाजलेले असेल. घरात मारहाण वा त्याहून वाईट काही घडत असल्यासही मूल असेच मिटून जाते. तशी शंका आल्यास १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे. आणि ताप असताना, डोक्याला मार लागल्यावर, किंवा धोतऱ्यासारखे विषारी बी खाण्यात येऊन मूल एकाएकी बरळू लागले, तर वही काढून नोंद करीत बसू नये. त्याच घटकेला त्याला रुग्णालयात न्यावे. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर तेही त्याच दिवसाचे काम आहे. त्याला एकटे सोडू नये आणि पालकांना ताबडतोब बोलवावे.

आता करावयाचे काय? पहिले काम नोंदीचे. आपण वर्णनात्मक नोंदी ठेवतोच. त्यांत मत लिहू नये, घडले ते तारखेसह लिहावे. 'विचित्र वागतो' ही नोंद नव्हे. 'आज मधल्या सुट्टीत वर्गातच बसला. विचारल्यावर म्हणाला, बाहेर माझे नाव घेतात' ही नोंद होय. दर महिन्याअखेर हजेरीपत्रक मिटण्यापूर्वी एकवार आडवे वाचावे : कोणाचे गैरहजेरीचे दिवस वाढत चालले आहेत? ही विशेष नोंद मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी. ती प्रगतिपत्रकावर, दाखल्यावर किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या चर्चेत येऊ नये.

दुसरे काम मुलाशी बोलण्याचे. एकांतात, पण दार उघडे ठेवून, थोडक्यात बोलावे. त्याला जे ऐकू येते ते खोटे आहे म्हणून वाद घालू नये, आणि खरे आहे म्हणून री ओढू नये. "तुला त्याचा त्रास होतो आहे, हे मला समजले. झोप लागते का? हे घरी कोणाला सांगितलेस का?" एवढे पुरे. मी त्या दिवशी एवढे विचारले असते, तर तास दोन मिनिटे उशिरा सुरू झाला असता. अधिक काही बिघडले नसते.

तिसरे काम पालकांचे. रोगाचे नाव आपण घेऊ नये. तो आपला अधिकार नव्हे. दिसले तेच सांगावे : "दादा, दोन महिन्यांपासून त्याची झोप गेली आहे, जेवण कमी झाले आहे, सोबत्यांत मिसळत नाही. डॉक्टरांना एकदा दाखवू या." आईशी बाईंनी बोलावे, आशाताईंना बरोबर घ्यावे. देवावर श्रद्धा असणाऱ्या घरात देवाशी भांडण मांडू नये. नवस फेडावयाचा तो फेडा, पण औषध आजच सुरू करा, असे म्हणावे. मात्र मारहाण, साखळदंड, धूर देणे असले काही होत असेल, तर ठामपणे सांगावे की, महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली छळ करणे हा गुन्हा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. मुलीच्या बाबतीत आणखी एक संकट असते : 'लग्न केले की बरी होईल.' लग्न हे औषध नव्हे. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न कायद्याने निषिद्धच आहे. आणि आजारी मुलीचे लग्न म्हणजे एका घराचे दुःख दोन घरांत वाटणे होय.

चौथे काम वाट दाखविण्याचे. पहिली पायरी आपले प्राथमिक आरोग्य केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा उंची-वजनाबरोबर ही नोंदही डॉक्टरांच्या कानी घालावी. पण पथकाच्या फेरीसाठी थांबून राहू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची सेवा मिळते. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून सल्ला मिळतो. शिक्षकालाही तेथे विचारता येते. हा क्रमांक शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावा, कोणाच्याही नावाशी न जोडता.

पाचवे काम बहुधा आपण विसरतो. उपचार घेऊन मूल परत येते, तेव्हा औषधाने त्याला झोप येते, हात थरथरतो, अक्षर बिघडते. त्याला पुढे बसवावे, गृहपाठ थोडा द्यावा, उत्तराला वेळ द्यावा. "बरे वाटू लागले, आता गोळ्या कशाला?" असे त्याला वा त्याच्या घरी कोणी म्हणू लागले, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध बंद न करण्याचा आग्रह धरावा. वर्गात त्याचे नाव पूर्वीसारखेच उच्चारावे, पूर्वीच्याच क्रमांकावर.

बंधुभगिनींनो, आपणांवर कामांचे ओझे काय आहे, हे मी जाणतो. अहवाल, पोषण आहार, सर्वेक्षणे यांत हे आणखी एक, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून मी आपणांकडे कोणतेही नवे परिपत्रक, कोणताही नवा तक्ता घेऊन आलो नाही. या महिन्याच्या अखेरीस हजेरीपत्रकाची बेरीज कराल, तेव्हा ते एकदा वाचून पाहावे, एवढीच विनंती आहे. त्यात एखाद्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत चाललेल्या दिसल्या, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी जावे. दहांतील नऊ वेळा कारण दुसरेच निघेल आणि आपण चहा घेऊन परत याल. ती फेरी फुकट गेली असे मात्र समजू नये. दहाव्या वेळी आपण ज्या दारात उभे असाल, त्या दारातून एक मूल पुन्हा शाळेत येण्याचा संभव आहे.